चार दिवसांत अकरा पॉइंट : सांगलीतनं घेतलेल्या कोकण पॅकेजचा हिशोब

आधीच सांगतो, हे कोकणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. नावं ठेवायचीत ती पॅकेजला. विकणाऱ्याचं नाव टाकणार नाही, एक तर अजून त्याच्याकडनं थोडे पैसे यायचेत आणि दुसरं म्हणजे माणूस गावातलाच, रोज कुठं ना कुठं समोर येतो. पण असली पॅकेजं विकणारा सांगलीत तो काय एकटा नाही, कुणाचंही पत्रक उचला साधारण सारखंच असतंय, त्यामुळं सुट्टीत जायचं कुणाच्या डोक्यात असेल तर हे वाचा आणि मग अ‍ॅडव्हान्स भरा.

आम्ही ११ जण. आम्ही चौघं, आई-आप्पा, मेव्हण्याचं चौघांचं बिऱ्हाड आणि आत्या. डिसेंबरचा पहिला आठवडा, शनिवार ते मंगळवार. मोठ्यांना माणशी ७,५०० आणि पोरांना हाफ, मिळून ६७,५०० झाले. त्यात एसी ट्रॅव्हलर, दोन रात्री तारकर्ली, एक रात्र गणपतीपुळे, नाष्टा आणि दोन्ही टाइमचं जेवण. पत्रकावर ठळक अक्षरात "११ पॉइंट कव्हर" : कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबाग संगम, धामापूर, थिबा पॅलेस, गणपतीपुळे, मालगुंड. बघितल्यावर वाटलं वा, पैसा वसूल. एका पॉइंटला किती मिनिटं देणार हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, तिथंच आम्ही फसलो.

पहाटे ५ ला विश्रामबागला येणारी गाडी पावणेसहाला आली. सगळी सीटं पुशबॅक म्हणलेली, आत्याचं सीट मागं गेलं ते परत वर आलंच नाही, चार दिवस आत्या दवाखान्यात असल्यासारखी आडवी होऊन कोकण बघत होती. आणि एसी. डिसेंबरची थंडी, त्यामुळं सकाळी कुणी लावलाच नाही, फोंडा घाट उतरल्यावर उकडायला लागलं तेव्हा मेव्हण्यानं बटण दाबलं तर आतनं इंजिनाची गरम हवा. ड्रायव्हर मामा म्हणाले, "साहेब, तो तीन महिने झालं असाच आहे, मालकाला सांगितलंय." माणूस मात्र सोन्यासारखा. ऊसाच्या ट्रॉल्यांनी जयसिंगपूरपासनं कोल्हापूरपर्यंत रस्ता अडवलेला, एकदाबी हॉर्न उगाच नाही, घाटात पोरांना उलट्या होऊ नयेत म्हणून कसली सांभाळून गाडी चालवली. त्याचं श्रेय त्याला, पॅकेज विकणाऱ्याला नाही.

जाताना राधानगरीवरनं गेलो. आमचे आप्पा पाटबंधारे खात्यातनं रिटायर, त्यांच्यासाठी राधानगरी म्हणजे पंढरपूर. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण, ७ दरवाजे आपोआप उघडणारे, पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की माणसानं हात न लावता दरवाजा उचलतो. आप्पा म्हणाले दहा मिनिटं थांबूया. मामांनी ऑफिसला फोन लावला तर तिकडनं उत्तर, तो पॉइंट प्लॅनमध्ये नाही. धरण रस्त्याला लागून आणि आम्ही काचेतनं बघत पुढं. आप्पा फोंड्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

घाट उतरताना जे बदलतंय ना, ते जाणून घ्यायला खरं तर गाडीतनं उतरायला पाहिजे. वर दाजीपूरपर्यंत दाट जंगल, गवे दिसतात म्हणे, आम्हाला एक शेपूट पण दिसलं नाही. खाली आलं की माती एकदम लाल. आपल्याकडं कृष्णाकाठाला काळी रानं, पावसात चिकटणारी, आणि इथं सगळीकडं जांभा, म्हणजे तो लाल दगड, त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. घराच्या भिंती चिऱ्याच्या, कंपाऊंड चिऱ्याचं, विहीर पण चिऱ्याचीच. रस्त्याकडंला एक खाण लागली, गाडी डिझेलला थांबली म्हणून बघायला मिळाली, नाहीतर ती पण प्लॅनमध्ये नव्हती. मशिननं जमिनीतच ठोकळे कापतात, केक कापल्यागत. आप्पांचा मूड तिथं जरा परतला, त्यांनी पोरांना सांगितलं की हा दगड कापताना मऊ असतो आणि वाऱ्याला उघडा पडला की कडक होत जातो. आणि यात पाणी थांबत नाही. म्हणून इकडं ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून पण मे महिन्यात काही वाड्यांवर टँकर. आमच्या जत-आटपाडीला ५०० च्या आसपास पडतो आणि तिथं पण टँकर. मेव्हणा म्हणाला मग फरक काय, आप्पा म्हणाले फरक असा की इथं पाणी बघायला तरी मिळतं.

कुणकेश्वर झालं, समुद्राच्या काठावरच देऊळ, छान आहे, २५ मिनिटं मिळाली. देवगड म्हणजे गाडीतनं "हे बघा देवगड". आंबा डिसेंबरात कुठला असणार, काही झाडांना मोहोर दिसत होता तेवढाच. पॉइंट नंबर दोन झाला म्हणायचं.

विजयदुर्गला साडेतीनला पोचलो आणि पाच वाजता निघायचंय म्हणून सांगितलं, त्यातला अर्धा तास जेवणात गेला. तिहेरी तटबंदीचा एवढा दांडगा किल्ला आणि आम्ही जत्रेत हरवल्यासारखं पळतोय. मूळचा किल्ला शिलाहार भोजराजाच्या काळचा, १६५३ ला शिवाजी महाराजांनी घेतला, पुढं आंग्र्यांचं आरमार इथं. आणि १७५६ ला हे आरमार कुणी जाळलं, तर इंग्रजांनी, आणि त्यांना सोबत कुणी घेतलं, तर आपल्याच पेशव्यांनी. आप्पा तटावर उभं राहून दहा मिनिटं यावर तापले होते, शेजारच्या दुसऱ्या ग्रुपचे लोक त्यांना गाईड समजून ऐकत थांबले. खरा गाईड पॅकेजमध्ये नव्हता. तिथं एक जण सांगत होता की सूर्यग्रहण बघताना एका इंग्रज साहेबाला हेलियमचा शोध या किल्ल्यावर लागला, त्या साहेबाचे कट्टे पण दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं आहे, पण ज्या लॉकयर साहेबाचं नाव घेतात तो त्या वर्षी तिकडं इंग्लंडातच दुर्बिणीला डोळा लावून होता. पोरांना मी हे सांगितलं तर पोरगी म्हणाली, पप्पा तुम्ही सगळी मजा घालवता.

आता होमस्टे. इथं मात्र एजंटचं नशीब जोरात, कारण त्यानं ज्यांच्याकडं खोल्या घेतल्या ते काका-काकू म्हणजे पूर्ण ट्रिपमधली एकमेव पैसे-वसूल गोष्ट. तारकर्लीत माडाच्या वाडीत तीन खोल्या, समुद्र पाच मिनिटांवर. पत्रकात "सी फेसिंग" लिहिलंय, ते खोटं, खिडकीतनं माड आणि काकूंची धुणं वाळत घातलेली दोरी दिसते, पण रात्री लाटांचा आवाज अंथरुणात येतो, तेवढं पुरे. गाद्या स्वच्छ, बाथरूम स्वच्छ, पाणी थोडं मचूळ. आम्ही रात्री साडेनऊला मेल्यागत पोचलो तर काकू दारात, "वायच हातपाय धुवा, गरम गरम वाढतंय."

बांगड्याचं सार, सुरमई फ्राय, तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. आईला माशातलं फारसं कळत नाही, आम्ही मटणवाली माणसं, तांबडा-पांढरा म्हणजे सगळं. पहिल्या घासाला आई थांबली, तोंडातनं काहीतरी काढलं आणि म्हणाली, "ह्यात खडी कुठनं आली?" ती तिरफळं होती. बांगड्याच्या सारात घालतात, खायची नसतात, वास उतरला की बाजूला काढायची. काकू एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी आईनं स्वतः तिरफळ मागून घेतलं, जिभेला मुंग्या येतात आणि मग माशाचा वास कुठं जातो कळत नाही.

नाष्ट्याचं ऐका. एजंटनं काकूंना रेट दिला होता त्यात पोहेच बसत होते. सांगलीची माणसं २०० किलोमीटर लांब येऊन पोहे खातायत. दुसऱ्या दिवशी काकूंनी आपणहून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं, वर पैसे घ्यायला तयार नाहीत. तिथंच काकांकडनं कळलं की एजंट त्यांना एका खोलीचे किती देतो. आकडा लिहीत नाही, काकांचा धंदा आहे, पण आम्ही रात्री अंगणात बसून हिशोब घातला तर गाडी, खोल्या, जेवण सगळं आपलं आपण केलं असतं तरी ५० हजारांच्या आत बसत होतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. पॅकेज मी घेतलेलं.

रविवारी सिंधुदुर्ग. मालवण जेट्टीवरनं बोट, दहा-पंधरा मिनिटं. पावसाळ्यात या बोटी बंद असतात हे लक्षात ठेवा, जूनमध्ये जाऊन किनाऱ्यावरनं किल्ला बघून परत आलेले दोन नातेवाईक माझ्याच घरात आहेत. बोट अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तट वळलाय असा की समोर नुसती भिंत, मग एकदम फटीतनं वाट. आमचं सगळ्यांचं एकमत, ट्रिपमध्ये इथं गाईड घेतला ते शहाणपण. स्वतःच्या खिशातनं घेतला. किल्ल्यातच राहणाऱ्या घरातला पोरगा, पाठ केलेलं बोलत नव्हता, आजी अंगणात कुठं झोपते ते पण दाखवलं.

२५ नोव्हेंबर १६६४ ला कामाला सुरुवात, मोऱ्याच्या धोंड्यापाशी पूजा करून, तो धोंडा किनाऱ्यावर अजून आहे. कुरटे बेटावर ४८ एकरात किल्ला, तीन वर्षात उभा, हिरोजी इंदुलकर बांधकामावर. पायाच्या चिऱ्यात शिसं ओतलंय. आप्पांनी तटाच्या चुन्याला नख लावून बघितलं, निघंना. साडेतीनशे वर्षं खारं वारं खाऊन चुना नखाला दाद देत नाही आणि आमच्या कॉलनीतल्या गटारीचा स्लॅब दोन पावसात फुटला, हे वाक्य त्यांचं, मी फक्त टाइप करतोय.

शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांच्या काळचं. मूर्ती बघायची सवय नाही आपल्याला अशी, महाराज बसलेले आणि दाढी नाही. आई हात जोडून बराच वेळ उभी. तटावर दोन घुमट्यांत हाताचा आणि पायाचा ठसा जपलाय, महाराजांचा म्हणून सांगतात, चुन्यात उमटलेला. आणि तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूला समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. माझ्या पोरानं विचारलं हे कसं. गाईड म्हणाला देवाची कृपा. आप्पा म्हणाले, "कृपा आहेच, पण पावसाचं पाणी खडकात मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वर तरंगून राहतं. उपसा बेतानं केला तर टिकतं, मोटार लावली की खारं वर येणार." गाईडनं वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, आप्पा दिवसभर त्याच हवेत होते. आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ मराठा किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, आपला पन्हाळा आणि साताऱ्याचा प्रतापगड पण. पन्हाळ्याला आम्ही फक्त झुणका-भाकरी खायला जातो, हे तिथं उभं राहून जरा लागलं.

किल्ल्याला प्लॅनमध्ये सव्वा तास होता. आम्ही अडीच तास घेतले. ऑफिसचे तीन फोन आले, मेव्हण्यानं मोबाइल स्विच ऑफ केला. त्याची शिक्षा म्हणून रॉक गार्डन दहा मिनिटं आणि देवबाग संगम, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं होडीतनं नुसती एक चक्कर. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मध्ये वाळूची अरुंद पट्टी आणि त्यावर घरं, हे बघायला खरं तर निवांत संध्याकाळ पाहिजे. पोरांना स्कुबा करायचं होतं, ते एजंटच्याच ओळखीच्या बोटवाल्याकडं. पाण्यात जेमतेम सात मिनिटं, व्हिडिओ "फ्री" म्हणाले आणि मोबाइलवर पाठवायचे वेगळे पैसे मागितले. पोरं खूश होती म्हणून गप्प बसलो. तुम्ही गेलात तर पाण्यातला वेळ आणि व्हिडिओ दोन्ही आधी विचारून घ्या, बोटीत चढल्यावर काही उपयोग नाही.

धामापूरला अंधारच पडला होता. तलाव १५३० सालचा, नागेश देसाईंनी बांधलेला, २०२० ला जागतिक सिंचन वारसा म्हणून नाव झालं. आप्पा मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात बांध बघत होते. सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी ते आले होते ते टॉर्चवर उरकलं. याचा राग मला अजून आहे.

आता सोमवार सकाळ, आणि सगळ्यात भारी जे झालं ते प्लॅन मोडल्यामुळं झालं. ७ ला निघायचं होतं, गाडी पंक्चर, स्टेपनी काढली तर ती पण बसलेली. मामा टायर घेऊन मालवणात गेले आणि आम्हाला फुकटचे तीन तास मिळाले. काका म्हणाले चला, रापण लागलीय.

समुद्रात होडीनं अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले. एका दोराला पंधरा-वीस माणसं, दुसऱ्याला तेवढीच, मधलं अंतर बरंच. ओढत ओढत दोन्ही टोळ्या एकमेकींकडं सरकत येतात, मागचा माणूस दोर सोडून पळत पुढं येतो आणि परत धरतो. आमच्या पोरांनी पण धरला. मी धरला. पाच मिनिटात तळहात लाल. आम्हाला वाटलेलं हे पर्यटकांसाठी असेल, पण तिथं आमच्याकडं कुणी बघत पण नव्हतं, एक म्हातारा फक्त माझ्यावर ओरडला, "रे, पाय रोव वाळयेत!" जाळं जवळ आलं तसं पाणी उकळल्यागत हलायला लागलं. बांगडे, तारल्या, चार-सहा खेकडे, बरीच जेलीफिश, त्या लगेच बाजूला फेकल्या. मग ढीग, मग वाटे. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. कुणाच्या वाट्यात एक बांगडा जास्त गेला म्हणून दोन बायका भांडल्या आणि एकीनं तो उचलून आमच्या पोराच्या हातात दिला. तो जिवंत होता, पोरगं किंचाळलं. आत्या वाळूवर बसून हे सगळं बघत होती, चार दिवसांत पहिल्यांदा ताठ.

तो बांगडा काकूंनी तव्यावर टाकला, साडेनऊला नाष्ट्याला मासे खाल्ले आम्ही. पत्रकावर रापण कुठंच नव्हती.

पुढचं भराभर सांगतो कारण ते भराभरच झालं. मालवण ते रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या वर अंतर, बंद एसी, ऊन. वाटेत एका काजूच्या दुकानापुढं गाडी थांबली, ही मात्र प्लॅनमध्ये होती, ४५ मिनिटं. राधानगरीला दहा मिनिटं नाहीत आणि काजूला पाऊण तास. साडेतीनला थिबा पॅलेसवर पोचलो तर गेट बंद, सोमवार, म्युझियमची सुट्टी. ज्यानं शनिवारी निघणारी ट्रिप आखली त्याला सोमवार कुठं येणार हे कळंना? १८८५ च्या लढाईनंतर ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी गादीवरनं उतरवून इकडं आणून ठेवलं, १९१० ला हा वाडा बांधून झाला, १९१६ ला तो इथंच गेला, परत काय मायदेशी गेला नाही. हे सगळं मी कंपाऊंडच्या बाहेर उभं राहून मोबाइलवर वाचून दाखवलं. लाल वाड्याचं उतरतं छप्पर तेवढं दिसत होतं. आत्या म्हणाली, बिचाऱ्याला आत कोंडला आणि आपल्याला बाहेर.

गणपतीपुळ्याचं हॉटेल ठीक, जेवण पनीरचं. समुद्रकिनाऱ्याला येऊन पनीर. दर्शन मात्र मंगळवारी पहाटे निवांत झालं, आमच्या सांगलीच्या गणपतीला सांगितलेलं की तुमच्या भावाला भेटून येतो, ते पार पडलं. मालगुंडला केशवसुतांचं घर, साधं, शेणानं सारवलेलं, तिथं मला अजून थांबायचं होतं पण बाकीच्यांना आंबा घाट उतरायच्या आधी, चुकलं, चढायच्या आधी जेवायचं होतं. रात्री ८ ला सांगली.

रेटिंग म्हणाल तर पॅकेजला पाचपैकी दोन, त्यातलं अर्धं ड्रायव्हर मामांचं. होमस्टेला पावणेपाच, पाव पाण्यासाठी कापला. परत गेलो तर गाडी आमची आम्ही करणार, तारकर्लीत तीन रात्री काढणार आणि रत्नागिरीसाठी वेगळं जाणार, त्या भागातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पं आहेत, कशेळीचा कोरलेला हत्ती १८ मीटर लांब, तो कुठल्याच पत्रकात नाही.

परत आल्यावर एजंटला फोन केला. एसी, पंक्चर, बंद पॅलेस मिळून ६,००० मागितले. तो म्हणाला पुढच्या ट्रिपला अ‍ॅडजस्ट करू. मी म्हणलं पुढची ट्रिप नाही. शेवटी ३,००० वर तुटलं, अजून आलेले नाहीत, "सोमवारी करतो" म्हणालाय. सोमवारचं त्याचं काय आहे कळत नाही.

काकूंचा मात्र दुसऱ्याच दिवशी मेसेज, आगळाची बाटली नीट पोचली का. सोलकढीसाठी कोकमाचं आगळ दिलं होतं त्यांनी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पोचली म्हणून कळवलं. बॅगेत निम्मी सांडली हे नाही कळवलं. आप्पांचा पांढरा पायजमा तीनदा धुतला, अजून गुलाबीच आहे, आणि ते तोच घालून रोज आमराईत फिरायला जातात.